केतेवान राणीचं हाड: जुन्या गोव्यात सापडलेला अवशेष खरंच तिचा का?

दगडफूल
जुन्या गोव्यात टेकडीवरचा तो अर्धा उभा बुरूज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. "सेंट ऑगस्टिन टॉवर, फोटो काढा, पुढे चला" एवढंच गाइड सांगतो. त्याच पडक्या मठात चॅप्टर चॅपल नावाचं दालन आहे. तिथे २००४ साली पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाताचं एक मोडकं लांब हाड मिळालं. ते जॉर्जियाची राणी केतेवान हिचं असल्याचं आता दोन्ही सरकारं धरून चालतात. २०१७ मध्ये ते तिकडे दर्शनासाठी पाठवलं होतं आणि २०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्याचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. उरलेला भाग गोव्यातच आहे.

आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा "डीएनए चाचणीने सिद्ध" असं छापून आलं होतं. सिद्ध नक्की काय झालं, ते या धाग्यात खणून बघू या.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या कखेती राज्याची राणी. नवरा दावीद लवकर गेला. मग १६०५ मध्ये दिराने, म्हणजे इराणात वाढलेल्या कॉन्स्टंटाइनने, स्वतःच्या बापाला मारून गादी बळकावली. तेव्हा हिने सरदार गोळा करून त्याच्याविरुद्ध उठाव केला आणि मुलगा तैमुराझला गादीवर आणलं. पुढे इराणच्या शाह अब्बासने कखेतीवर दात ठेवला. त्याची समजूत काढायला तैमुराझने आईला ओलीस म्हणून पाठवलं आणि ती शिराझला जवळपास दहा वर्षं कैदेत राहिली. सप्टेंबर १६२४ मध्ये शाहचा हुकूम आला की धर्म बदल. ती नाही म्हणाली. तापलेल्या सांडशींनी छळून तिला मारलं.

त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंचं नुकतंच बस्तान बसलं होतं. आम्ब्रोझियो दुश आंजुश नावाच्या साधूने या मृत्यूचा वृत्तान्त लिहून ठेवला. साधूंनी गुपचूप तिचे अवशेष उकरून काढले. काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आपल्या मुख्य मठात पाठवला, काही १६२८ मध्ये जॉर्जियात तैमुराझकडे पोचवला. गोव्याच्या मठाच्या कागदपत्रांत जागाही लिहिलेली आहे: चॅप्टर चॅपलमधली दुसरी खिडकी, तिथे दगडी पेटी.

पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले, पुढच्या वर्षी मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत अर्ध्या बुरुजासकट खाली आली. म्हणजे २००४ मध्ये जे मिळालं ते मोहोरबंद पेटीतून नव्हे, पडझडीतून मिळालं. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

मांडवीकाठ
मस्त विषय. त्या मठाची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे, पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं. जॉर्जियाचे लोक सोव्हिएत काळाच्या अखेरीपासून या हाडासाठी गोव्यात येत होते. त्यांची चिकाटी दांडगी. आमच्याकडे मात्र २०२१ ची बातमी येईपर्यंत बऱ्याच जणांनी केतेवान हे नावही ऐकलेलं नव्हतं.

पेशीकेंद्र
डीएनएचा भाग मी सांगतो. हैदराबादच्या सीसीएमबीने (पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा) हे काम केलं, निबंध २०१४ साली आला. हाडातून त्यांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि पिढ्यान्पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पेशीत त्याच्या प्रती भरपूर असल्यामुळे चारशे वर्षं दमट मातीत पडलेल्या हाडातूनही तो मिळण्याची आशा असते. हाड बाईचं निघालं. मातृवंशाचा गट निघाला यू१बी. त्यांच्याकडच्या २२,००० हून जास्त भारतीय नमुन्यांत हा गट एकदाही नव्हता. जॉर्जियातल्या ३० लोकांत दोघांत सापडला. त्याच मठातून मिळालेले आणखी दोन अवशेषही तपासले, ते पुरुषांचे होते आणि त्यांचे मातृवंश वेगळे.

निबंधाच्या शीर्षकात शास्त्रज्ञांनी स्वतः "बहुधा" लिहिलंय. बातमीत येईपर्यंत ते गळालं, नेहमीप्रमाणे.

सरसांबा
म्हणजे ठसा जुळल्यासारखं नाही?

पेशीकेंद्र
नाही. ठसा एकाच माणसाचा असतो. हा गट हजारो बायकांत असणार, आणि जॉर्जियाबाहेरही पश्चिम आशियात तो आढळतो. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डच्या वेळी काय केलं आठवा. लेस्टरच्या गाडीतळाखाली २०१२ मध्ये सांगाडा मिळाला. त्याच्या बहिणीच्या मातृवंशातले दोन जिवंत वारस शोधून त्यांच्याशी डीएनए ताडून पाहिला. शिवाय पाठीचा बाक आणि लढाईच्या जखमा होत्या. केतेवानच्या बाबतीत ताडून बघायला समोर कुणीच नव्हतं, आणि हातात आहे एक मोडकं हाड.

उलटतपासणी
मग संपलं की. सतराव्या शतकातलं गोवा म्हणजे पोर्तुगीज, आर्मेनियन, इराणी, आफ्रिकन, चिनी, सगळ्यांची सरमिसळ. त्यात एक पश्चिम आशियाई बाई मेली आणि पुरली गेली यात आश्चर्य ते काय? आणि साधूंच्या सचोटीवर माझा तरी विश्वास नाही. मध्ययुगात सगळा युरोप बनावट अवशेषांनी भरला होता. येशूचं म्हणून मानलं जाणारं ट्यूरिनचं कफन घ्या. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना अशा तीन प्रयोगशाळांनी कापडाचं कार्बन डेटिंग केलं, काळ निघाला १२६० ते १३९०. तरी लोक रांगा लावतात.

दगडफूल
@उलटतपासणी, कफनाशी तुलना करायचीच तर पुरती करू. त्या कापडाच्या बाबतीत कागदच विरोधात बोलतात. चौदाव्या शतकाच्या आधीचा त्याचा धड माग लागत नाही, आणि १३८९ मध्ये खुद्द स्थानिक बिशपने पोपला कळवलं होतं की हे रंगवलेलं आहे, रंगवणाऱ्याने कबुली दिली आहे. कार्बनने त्या बिशपला दुजोरा दिला. इथे उलटं आहे. कागद आधीपासून सांगतोय की अमुक बाईचं हाड तमुक खिडकीत आहे. खणणाऱ्यांनी त्या खिडकीपाशी पाहिलं आणि बाईचंच हाड मिळालं, तेही परक्या वंशाचं. पुरुषांच्या मठात, साधूंच्या सभेच्या दालनात.

उलटतपासणी
चर्चमध्ये देणगीदार घराण्यांतल्या बायकांच्याही कबरी असायच्या. छत कोसळल्यावर कुठलं हाड कुठे गेलं कोण सांगणार?

दगडफूल
चर्चमध्ये, हो. हाड चॅप्टर चॅपलमध्ये मिळालं. तरी तुमचा मुद्दा पूर्ण मोडीत निघत नाही हे मान्य. ढिगारा हा ढिगारा असतो.

वसईवाला
मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडे याकडे कसं बघतात ते सांगतो. अवशेषांच्या ढोबळ तीन पायऱ्या असतात: संताच्या देहाचा भाग, मग संताने वापरलेली वस्तू, मग अशा अवशेषाला लावलेलं कापड वगैरे. देहाच्या अवशेषासोबत चर्चच्या अधिकाऱ्याचा शिक्क्याचा दाखला असावा लागतो आणि कुपी मोहोरबंद असते. मोहोर तुटली, दाखला हरवला, की तो अवशेष जाहीर दर्शनाला ठेवता येत नाही. विक्रीला तर चर्चच्या कायद्यात सक्त मनाई आहे. खरेपणा आणि जतन या विषयावर रोमने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सविस्तर सूचनाही काढल्या. म्हणजे "मानलं की झालं" असं आमच्यात चालतं हा गैरसमज आहे. या नियमाने पाहिलं तर ढिगाऱ्यातल्या हाडाकडे कुठलाच दाखला नाही.

आणखी एक गंमत. केतेवान आमची संत नाहीच. ती जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चची. सांभाळली कॅथलिक साधूंनी, शोधली भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, तपासली हैदराबादच्या प्रयोगशाळेने आणि पूजतात ऑर्थोडॉक्स लोक.

टोपीवाला
मग सेंट झेवियरच्या शवाचीही डीएनए चाचणी करा की. २०२४ मध्ये तशी मागणी झालीच होती.

मांडवीकाठ
हात जोडतो, तो विषय इथे नको. त्यावरून त्या वर्षी गोव्यात मोर्चे निघाले, पोलिसात तक्रारी झाल्या. आणि दोन्ही प्रकरणांत फरक आहे. झेवियरचा देह मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला, तेव्हापासून तो लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. १६१४ मध्ये उजवा हात कोपराखाली कापून रोमला पाठवला त्याचीही नोंद आहे. केतेवानचं हाड शे-दीडशे वर्षं कुणाच्या नजरेसमोरच नव्हतं. हरवलेली वस्तू परत मिळाली की ओळख पटवावी लागते.

दगडफूल
+१. @टोपीवाला, वेगळा धागा काढा, तिकडे येतो. (येणार नाही.)

शून्य पूर्णांक
आकडेमोडीचा माणूस म्हणून लिहितो. "२२,००० मध्ये शून्य" वाचून सगळे भारावतात. पण चाचणीचं वजन तुम्ही समोर दुसरी शक्यता कुठली ठेवता त्यावर ठरतं.

समजा दुसरी शक्यता अशी की हाड कुणा गोवेकर बाईचं आहे. जॉर्जियात यू१बी तीसात दोन, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. भारतात बावीस हजारांत एकही नाही. म्हणजे पारडं हजारपटींहून जास्त राणीकडे झुकतं. ही शक्यता बाद.

आता दुसरी शक्यता बदला. समजा ते हाड जॉर्जियाच्याच दुसऱ्या एखाद्या बाईचं आहे. मग हीच चाचणी एक तसूही मदत करत नाही. दोन्हीकडे तेच साडेसहा टक्के. पारडं जिथल्या तिथे.

पश्चिम आशियाई किंवा पोर्तुगीज बाई म्हणाल तर उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

सरसांबा
पण गोव्यात जॉर्जियाची दुसरी बाई कुठून येणार?

शून्य पूर्णांक
गोव्यात यायची गरजच नाही. ती शिराझमध्ये असली की पुरे. राणी काही एकटी कैदेत नव्हती, तिच्यासोबत तिची माणसं होती. साधूंनी रात्रीत घाईघाईने उकरताना शेजारची कबर उकरली तर? किंवा कुणीतरी पैसे घेऊन भलतीच हाडं हातावर ठेवली तर? साधू प्रामाणिक, कागद खरा, खिडकी बरोबर, डीएनए जॉर्जियन आणि तरीही हाड राणीचं नाही.

दगडफूल
वा! इतका वेळ आपण सगळे गोव्यातल्या ढिगाऱ्याभोवती फिरत होतो आणि खरी फट निघाली शिराझमध्ये.

याला इतिहासाचा आधारही आहे. शाह अब्बासने १६१४ ते १६१७ च्या स्वाऱ्यांत कखेतीतून लाखाच्या घरात माणसं उचलून इराणात वसवली. त्यांचे वंशज आजही इस्फहानजवळ फरेदुनशहर भागात जॉर्जियन बोलतात. आणि ज्याच्या ताब्यात राणी होती, तो शिराझचा सुभेदार इमाम कुली खान स्वतः जॉर्जियन वंशाचा! त्याच्या भोवती जॉर्जियन माणसं नसतील असं होणारच नाही. शिराझमध्ये जॉर्जियन बाईची कबर ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती.

उलटतपासणी
आणि साधूंना हाडं राणीचीच असायला हवी होती, हेही लक्षात घ्या. ती घेऊन गेल्यावर तैमुराझच्या दरबारात त्यांचं स्वागत झालं, जॉर्जियातल्या गोरी नावाच्या गावी मठासाठी जागा मिळाली. एवढा फायदा असताना "खात्री नाही" असं कोण लिहील?

पेशीकेंद्र
फायदा होता म्हणून खोटं, हे जरा फार झालं. ते साधू घटनेच्या वेळी त्याच शहरात होते, राणीच्या माणसांशी त्यांची ओळख होती. शंभर वर्षांनी ऐकीव माहितीवर कबर शोधण्यातली ही गोष्ट नाही. आणि जॉर्जियात ज्यांनी ते अवशेष स्वीकारले त्यात तिचा सख्खा मुलगा होता.

उलटतपासणी
मुलाने दहा वर्षं आईला पाहिलेलं नव्हतं. हाडांवरून काय ओळखणार?

मांडवीकाठ
छळाच्या खुणा? तापलेल्या सांडशींनी मारलं म्हणता, तर हाडावर काही दिसायला हवं.

पेशीकेंद्र
मांसाला डागण्या दिल्या तर हाडापर्यंत खूण जाईलच असं नाही. आणि हा हाताच्या हाडाचा तुकडा. खूण नसली म्हणून ती नव्हे असं ठरत नाही. असली तरी गोव्याच्या मातीत पडून हाड आधीच झिजलेलं.

आजीचा बटवा
कार्बन डेटिंग का नाही सुचवत कुणी?

शून्य पूर्णांक
त्याने फार तर "सतराव्या शतकाच्या आसपास" एवढं कळेल. हाड १४०० सालचं निघालं तर दावा कोसळेल, तेवढा उपयोग आहे. पण माझ्या शंकेतली दुसरी बाई राणीच्याच काळातली. तिला कार्बन हात लावू शकत नाही.

सरसांबा
राणीच्या नातवंडांशी जुळवता येणार नाही का? तैमुराझच्या दोन मुलांनाही शाहने ओलीस ठेवलं होतं ना?

पेशीकेंद्र
लेवान आणि अलेक्झांडर, हो. शाहने त्या पोरांचं खच्चीकरण करवलं, भयंकर प्रकार होता तो. पण ती मुलाची मुलं. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांच्या आईचा, आजीचा नाही. तैमुराझच्या बाग्रातिओनी राजघराण्याचे वंशज आजही आहेत, पण बापाकडून मोजलेल्या वंशावळीचा इथे उपयोग नाही. आणि बाकीचा डीएनए चौदा-पंधरा पिढ्यांत इतका विरळ होतो की त्यावर कुणी पैज लावू नये.

शून्य पूर्णांक
नातू नको, मुलगा घ्या! आईचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मुलातही असतोच, तो फक्त पुढे देत नाही. तैमुराझ कुठे पुरलाय?

दगडफूल
आलावेर्दीला! कखेतीतलं मोठं कॅथेड्रल. तैमुराझ म्हातारपणी इराणच्या कैदेत, अस्तराबादला वारला, १६६० च्या दशकात. पण देह आलावेर्दीला आणून पुरला.

शून्य पूर्णांक
मग चाचणी आखून झाली. मुलाच्या हाडातला संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल क्रम काढा, गोव्याच्या हाडाशी अक्षरन्अक्षर ताडा. जुळला नाही, तर हाड राणीचं नाही, विषय संपला. तंतोतंत जुळला, तर दासी, सुभेदाराच्या घरची बाई, गोव्याची मेम, सगळ्या शक्यता जवळजवळ बाद. उरेल ती एखादी मावसबहीण, आणि ती राणीसोबत शिराझमध्ये पुरली गेली असेल असं म्हणायला मग पुरावा तुम्ही आणायचा.

उलटतपासणी
हे मात्र पटलं. जुळलं तर मी मान्य करेन.

वसईवाला
शास्त्र म्हणून बिनतोड आहे. पण होईल असं वाटत नाही. जॉर्जियाच्या चर्चसाठी हे हाड आधीच पवित्र आहे, २०२१ मध्ये त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू इलिया दुसरे स्वतः स्वीकारायला हजर होते. त्यांनी राजाची कबर कशासाठी उघडावी? जुळलं तर त्यांना नवं काही मिळत नाही, नाही जुळलं तर चर्चची आणि दोन सरकारांची पंचाईत.

उलटतपासणी
म्हणजे फुकटात पाहिजे ते उत्तर मिळालंय, तर महागात खरं कशाला विचारा.

वसईवाला
तसं म्हणा हवं तर. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या बाईने धर्मासाठी जीव दिला तिच्याविषयीची श्रद्धा एका हाताच्या हाडावर उभी नाही. १६२८ मध्ये तैमुराझकडे पोचलेले तिचे अवशेष आलावेर्दीत ठेवले होते, त्यांचा आज पत्ता नाही, तरी तिचा सण दर २६ सप्टेंबरला होतोच. चाचणीला माझा विरोध नाही, करा. पण "नाही" आलं तर संग्रहालयातल्या पाटीवरचा मजकूर बदलेल, तिच्या मरणाची हकिगत बदलणार नाही.

टोपीवाला
दोन देशांच्या मैत्रीसाठी दिलेली भेट. ती खरी की खोटी याचा कीस पाडून काय मिळणार?

शून्य पूर्णांक
भेट द्या की. भेट देताना "बहुधा" म्हणून द्या एवढंच. शास्त्रज्ञांनी तेवढं लिहिलं होतं, मंत्रालयालाही जमलं असतं.

हिंडफिरे
येत्या सप्टेंबरात जॉर्जियाला चाललोय, म्हणून विचारतो. आलावेर्दीला जाण्यासारखं आहे का? आणि ती कबर बघता येते का?

दगडफूल
जरूर जा. तिबिलिसीहून कखेतीत तेलावीला मुक्काम करा, तिथून आलावेर्दी जवळ आहे. सप्टेंबरात तिकडे द्राक्षांची तोडणी चालू असते आणि त्या मठातले साधू मातीचे रांजण जमिनीत पुरून स्वतः वाइन करतात. अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत, घरच्या बायकांना डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवायला सांगा. कबरीबद्दल तिथल्याच एखाद्या साधूला विचारा. चाचणीचा विषय मात्र काढू नका.

शून्य पूर्णांक
काढा. माझं नाव सांगा.